रात्रीचा बॅकअप: स्क्रिप्टपासून रिस्टोअरच्या तालमीपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीत बिलिंगचे अ‍ॅप्लिकेशन, त्याचा मायएसक्यूएल डेटाबेस आणि स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा फोल्डर हे सगळे बहुधा एकाच लिनक्स सर्व्हरवर असते, आणि त्या सर्व्हरकडे बघणारा माणूसही बहुधा एकच असतो. हा लेख त्या माणसासाठी आहे. उदाहरणादाखल अशी मांडणी गृहीत धरू, की मुख्य सर्व्हर वागळे इस्टेटच्या कार्यालयात आहे, दुसरे मशीन महापे येथील डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर आहे आणि तिसरी प्रत राज्याबाहेर ठेवायची आहे. नुसता बॅकअप घेणारी स्क्रिप्ट दहा ओळींत होते. बॅकअप झाला नाही, अर्धवट झाला किंवा झाला पण उपयोगाचा नाही, हे सकाळी कार्यालय उघडण्याआधी कळवणारी स्क्रिप्ट मात्र त्याच्या कितीतरी पट लांब होते, आणि पुढचे बरेचसे विवेचन त्या वाढीव ओळींविषयीच आहे.

कमांड आणि त्यांचे पर्याय येथे आपण सहकाऱ्याला फोनवर सांगतो तसे, म्हणजे ‘डीएफ मायनस एच’ अशा पद्धतीने लिहिले आहेत. टर्मिनलवर टाइप करण्यापूर्वी प्रत्येक पर्याय त्या कमांडच्या मॅन पेजवर, म्हणजे तिच्या माहितीपानावर, एकदा पडताळून घ्यावा.

आधी अकाउंट्स विभागाशी बोलावे

स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात आणि ती सर्व्हर रूममध्ये मिळत नाहीत. किती तासांचा डेटा गेला तर तो हाताने पुन्हा भरता येईल, हा पहिला प्रश्न. आणि किती तास यंत्रणा बंद राहिली तर कंपनीचे चालेल, हा दुसरा. मालकाला विचारले तर ‘काहीच जाता कामा नये आणि बंद तर पडताच कामा नये’ हेच उत्तर मिळते, म्हणून प्रत्यक्ष बिले भरणाऱ्या व्यक्तीकडे जाऊन विचारावे. ‘मॅडम, आज दुपारी सर्व्हर गेला आणि मी तुम्हाला काल रात्रीपर्यंतचे सगळे परत आणून दिले, तर सकाळची बिले पुन्हा भरता येतील का?’ असा थेट प्रश्न केला, की ‘चाळीस बिले असतील तर भरू, पण महिनाअखेर असेल तर नाही हो जमणार’ असे कामाचे उत्तर मिळते. या उत्तरातूनच ठरते, की एरवी रोज एकदा घेतलेला बॅकअप पुरेसा आहे आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसांत दुपारी आणखी एक घ्यायला हवा.

वेळापत्रकात जीएसटीच्या तारखाही धरून ठेवाव्यात. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची मुदत २० तारखेला असते. या दोन्ही तारखांच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये, डेटाबेसच्या आवृत्तीत किंवा डिस्कच्या रचनेत कोणताही बदल करू नये.

काय जपायचे याची यादी करताना डेटाबेस आणि फायली लगेच आठवतात, बाकीच्या गोष्टी निसटतात. एटसी फोल्डरमधील कॉन्फिगरेशन, सर्व वापरकर्त्यांचे क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनच्या याद्या), टीएलएस प्रमाणपत्रे व त्यांच्या खासगी किल्ल्या, डेटाबेसमधील वापरकर्ते व त्यांचे अधिकार, आणि सर्व्हरवर बसवलेल्या पॅकेजेसची यादी, हे सारे मिळून काही मेगाबाइटच भरते, पण ते नसेल तर रिकाम्या मशीनवर यंत्रणा उभी करताना दोन तासांच्या कामाला दोन दिवस लागतात.

प्रती कुठे ठेवायच्या

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची माध्यमे, आणि एक प्रत जागेबाहेर, हा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी डिजिटल छायाचित्रे जपण्याच्या संदर्भात मांडला आणि पुढे तो सगळीकडे रुळला. आपल्या उदाहरणात महापेची प्रत जागेबाहेरची म्हणता येईल का, हा प्रश्न मात्र नीट तपासला पाहिजे. वागळे इस्टेट आणि महापे यांच्यामध्ये ठाण्याची खाडी असली तरी दोन्ही ठिकाणे एकाच महानगर प्रदेशात, एकाच पावसाखाली आणि एकाच वीजजाळ्यावर आहेत. २६ जुलै २००५ च्या पावसाने आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाल्याने हे पुरेसे स्पष्ट केले आहे. डेटा सेंटरला जनरेटर असतो, त्यामुळे तेथील डिस्क सुरक्षित राहते हे खरे. परंतु कार्यालय आणि महापे यांच्यामधला इंटरनेटचा दुवा सुरू राहीलच, याची हमी कोणी देत नाही. म्हणून महापेची प्रत झटपट रिस्टोअर करण्यासाठी, म्हणजे डेटा परत घालण्यासाठी आहे आणि तिसरी प्रत खऱ्या आपत्तीसाठी आहे, असा भेद मनात पक्का ठेवावा. क्लाउड वापरत असल्यास मुंबई रीजनऐवजी हैदराबादसारखी दुसरी भारतीय रीजन निवडावी; खर्चात फारसा फरक पडत नाही आणि प्रत देशातच राहते.

प्रतीची दिशा कोणती असावी, यावर बहुतेक मार्गदर्शिका एखादे वाक्य खर्च करतात, पण माझ्या मते संपूर्ण मांडणीत याहून महत्त्वाचा निर्णय दुसरा नाही. ठाण्याच्या सर्व्हरने फायली महापेला ढकलायच्या, की महापेच्या मशीनने त्या ठाण्याहून ओढून घ्यायच्या? ढकलण्याच्या पद्धतीत ठाण्याच्या सर्व्हरकडे महापेवर लिहिण्याचा अधिकार असतो. म्हणजे त्या सर्व्हरमध्ये शिरलेल्या रॅन्समवेअरलाही (फायली बंदिस्त करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरलाही) तो मिळतो आणि मूळ डेटाबरोबर बॅकअपही बंदिस्त होतो. ओढण्याच्या पद्धतीत ठाण्याला महापेचा पत्ताही ठाऊक असण्याची गरज नसते.

त्यासाठी महापेच्या मशीनवर एक एसएसएच किल्ली (दूरच्या मशीनवर सुरक्षित प्रवेशासाठीची) तयार करावी आणि तिचा सार्वजनिक भाग ठाण्याच्या सर्व्हरवर ‘बॅकअप’ नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या ऑथोराइज्ड-कीज फाइलमध्ये टाकावा. त्या ओळीच्या सुरुवातीला ‘कमांड’ हा पर्याय देऊन आरसिंक या फायलींच्या प्रती करणाऱ्या साधनाबरोबर येणारी ‘आर-आरसिंक’ ही छोटी स्क्रिप्ट, तिचा केवळ-वाचन म्हणजे ‘मायनस आरओ’ पर्याय आणि एका ठरावीक फोल्डरचा मार्ग लिहावा. पुढे ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्दही जोडावा, म्हणजे त्या किल्लीने टर्मिनल उघडता येत नाही व पोर्ट फॉरवर्ड करता येत नाही. अशी किल्ली चोरीला गेली, तर चोराला तेवढा एक फोल्डर वाचता येईल, पण काही पुसता येणार नाही.

स्क्रिप्टचा सांगाडा

बॅश स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीनंतर लगेच ‘सेट’ कमांडने तीन गोष्टी चालू कराव्यात: ‘मायनस ई’, ‘मायनस यू’ आणि ‘पाइपफेल’. पहिल्या पर्यायामुळे कोणतीही कमांड अपयशी ठरली की स्क्रिप्ट तेथेच थांबते. दुसऱ्यामुळे मूल्य न दिलेले व्हेरिएबल वापरले तर चूक मानली जाते. तिसऱ्यामुळे पाइपने (एकीचे आउटपुट दुसरीला देऊन) जोडलेल्या कमांडपैकी कोणतीही एक पडली तरी संपूर्ण ओळ पडली असे धरले जाते.

या तिसऱ्या पर्यायाची गरज एका साध्या प्रयोगाने पटते. डेटाबेसचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा द्यावा आणि मायएसक्यूएल-डम्प या डेटाबेसची प्रत काढणाऱ्या कमांडचे आउटपुट पाइपने जीझिप या संकुचित करणाऱ्या कमांडकडे पाठवून फाइल बनवावी. डम्प चूक दाखवून थांबतो. जीझिप मात्र हाती काहीच न आल्याने शून्य बाइट मजकुराची, पण शिस्तीत संकुचित फाइल बनवतो आणि ‘काम यशस्वी’ असा संकेत देऊन बाहेर पडतो. पाइपफेल नसेल तर शेलला फक्त शेवटच्या कमांडचा संकेत दिसतो, म्हणून स्क्रिप्टही यशस्वी ठरते. फोल्डरमध्ये आजच्या तारखेची, योग्य नावाची, योग्य एक्स्टेन्शनची फाइल दिसते. तिचा आकार तेवढा २० बाइट असतो. नुसती नावे पाहून समाधान मानणाऱ्याला हे महिनोन्‌महिने कळत नाही.

‘मायनस यू’ची गरज सांगायला जानेवारी २०१५ मधला प्रसंग पुरेसा आहे. स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरच्या लिनक्सवरील स्क्रिप्टमध्ये एका फोल्डरचा मार्ग व्हेरिएबलमध्ये साठवून त्यापुढे स्लॅश आणि तारांकन लावून सगळे पुसण्याची कमांड होती. काही परिस्थितीत ते व्हेरिएबल रिकामे राहत असे, आणि मग उरलेल्या स्लॅश-तारांकनाचा अर्थ ‘या मशीनवर जे पुसता येईल ते सगळे’ असा होई. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा: व्हेरिएबल घोषित आहे पण रिकामे आहे, अशा स्थितीत ‘मायनस यू’ काहीच बोलत नाही. म्हणून पुसण्याच्या प्रत्येक ओळीत व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसात अपूर्णविराम (कोलन) आणि प्रश्नचिन्ह जोडावे. मग मूल्य रिकामे असले तरीही स्क्रिप्ट थांबते.

‘मायनस ई’वरही डोळे झाकून विसंबू नये. ‘इफ’च्या अटीत लिहिलेली कमांड पडली तर स्क्रिप्ट थांबत नाही, आणि फंक्शनमध्ये ‘लोकल’ या शब्दासह त्याच ओळीत कमांडचे आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतले तर त्या कमांडचे अपयश ‘लोकल’च्या यशाखाली झाकले जाते. घोषणा एका ओळीत आणि मूल्य पुढच्या ओळीत, एवढी सवय लावली तरी हा दोष टळतो. शेलचेक हे विनामूल्य साधन अशा जागा अचूक दाखवते. स्क्रिप्टमधील प्रत्येक बदलानंतर ते चालवावे आणि त्याच्या सूचना वाचाव्यात.

यानंतर यूमास्क ०७७ ठेवावा, म्हणजे तयार होणाऱ्या फायली इतर वापरकर्त्यांना वाचता येत नाहीत. मग एफलॉकने कुलूप लावावे, कारण कालचा बॅकअप रेंगाळलेला असताना आजचा सुरू झाला तर दोन्ही एकाच फाइलवर लिहू लागतात. प्रोसेस क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवण्याची जुनी रीत टाळावी. सर्व्हर मध्येच बंद पडला तर ती फाइल तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट ‘मी आधीच चालू आहे’ असे समजून परत फिरते. एफलॉकचे कुलूप प्रोसेस संपताच कर्नल स्वतः सोडवतो. शेवटी एमकेटेम्पने तात्पुरता फोल्डर बनवावा आणि ‘ट्रॅप’ लावून अशी सोय करावी, की स्क्रिप्ट कोणत्याही कारणाने संपली तरी तो फोल्डर साफ होईल आणि बाहेर पडतानाचा संकेत लॉगमध्ये लिहिला जाईल.

डिस्कवरील जागा

डम्प सुरू करण्यापूर्वी मोकळी जागा तपासावी, आणि ती कालच्या बॅकअपच्या आकाराच्या किमान दुप्पट नसेल तर पुढे न जाता कळवावे. जागा मोजताना तीन ठिकाणी गफलत होते. ‘डीएफ मायनस एच’ने भरपूर जागा दाखवूनही ‘जागा शिल्लक नाही’ अशी चूक आली, तर ‘डीएफ मायनस आय’ चालवून आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) संपले आहेत का ते पाहावे. लाखो छोट्या सेशन फायली साठवणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनमुळे असे होते. ईएक्सटी४ फाइलसिस्टम मूळ मांडणीत ५ टक्के जागा रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर २५ जीबी. ती इतर वापरकर्त्यांना मिळत नाही. आणि डीएफच्या मते डिस्क भरलेली, पण डीयूने मोजलेली बेरीज मात्र कितीतरी कमी, असे दिसले तर एखादी पुसलेली फाइल अजूनही कोणत्या तरी प्रोसेसने उघडी धरलेली असते. चालू सर्व्हिसची मोठी लॉग फाइल कोणी थेट पुसली, की हेच होते: नाव जाते, जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ’ला अधिक चिन्ह, कॅपिटल एल आणि एक हा पर्याय दिला की अशी फाइल आणि तिला धरून बसलेली प्रोसेस दिसते, ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते. लॉग रिकामा करायचाच असेल तर पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट’ने त्याचा आकार शून्य करावा.

डेटाबेसचा डम्प

मायएसक्यूएल-डम्पला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिला, की इनोडीबी प्रकारच्या टेबलांचे एका क्षणाचे सुसंगत चित्र मिळते आणि त्या वेळी बिले भरण्याचे काम अडत नाही. हा पर्याय मायआयसॅम टेबलांना लागू पडत नाही, म्हणून जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये एखादे टेबल त्या प्रकारचे उरले आहे का, हे इन्फर्मेशन-स्कीमामधून आधी शोधून घ्यावे. डम्प चालू असताना टेबलाची रचना बदलणारी कमांड चालली तर त्याची सुसंगती मोडते; अ‍ॅप्लिकेशनचे अपडेट आणि बॅकअप एकाच वेळी ठेवू नयेत. ट्रिगर आपोआप डम्पमध्ये येतात, पण स्टोअर्ड प्रोसीजर आणि इव्हेंट येत नाहीत. त्यांच्यासाठी ‘रूटीन्स’ आणि ‘इव्हेंट्स’ हे पर्याय वेगळे द्यावे लागतात. ज्या अ‍ॅप्लिकेशनची व्याजाची आकारणी प्रोसीजरमध्ये आहे, त्याच्या बाबतीत हे विसरले तर रिस्टोअर बिनचूक झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याच्या शेवटी आकारणीच होत नाही.

पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहू नये. बॅकअपसाठी केवळ वाचनाचे अधिकार असलेला वेगळा डेटाबेस वापरकर्ता बनवावा, त्याचा पासवर्ड ६०० परवानगीच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि ती फाइल ‘डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल’ या पर्यायाने द्यावी. हा पर्याय कमांडमध्ये सर्वांत पहिला असावा लागतो.

डम्पची फाइल आधी ‘अपूर्ण’ अशा प्रत्ययाच्या नावाने लिहावी. ती पूर्ण झाल्यावर तीन चाचण्या घ्याव्यात: ‘जीझिप मायनस टी’ने संकुचित फाइल अखंड आहे का ते पाहावे; तिची शेवटची ओळ वाचून तेथे ‘डम्प कम्प्लीटेड’ हे शब्द आणि आजची तारीख आहे का ते तपासावे; आणि आकाराची कालच्याशी तुलना करावी. कनेक्शन मध्येच तुटलेल्या डम्पमध्ये ती शेवटची ओळ नसते, त्यामुळे दुसरी चाचणी स्वस्त असूनही फार कामाची आहे. आकार कालच्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी झाला असेल तर स्क्रिप्टने थांबावे, कारण बिलिंगचा डेटाबेस सहसा वाढतच जातो. तिन्ही चाचण्या उत्तीर्ण झाल्या की एसएचए-२५६ ची बेरीज (फाइल बदलली का ते ओळखणारा आकडा) शेजारी लिहून ‘एमव्ही’ने फाइलला खरे नाव द्यावे. एकाच फाइलसिस्टमवर नाव बदलणे एका झटक्यात होते, म्हणून महापेच्या मशीनला अर्धवट फाइल खऱ्या नावाने कधीच दिसत नाही. ‘बॅकअप’ वापरकर्त्याला ती वाचता यावी म्हणून फाइलचा गट बदलून गटाला वाचनाची परवानगी द्यावी.

आरसिंकने ओढणे

कागदपत्रांचा फोल्डर ओढताना स्रोताच्या मार्गाच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला मजकूर येतो, न दिला तर त्या नावाचा फोल्डर येतो. हे प्रत्येक वेळी ‘ड्राय-रन’ने पाहून घ्यावे. ‘लिंक-डेस्ट’ पर्यायाने कालच्या प्रतीचा मार्ग दिला, की न बदललेल्या फायलींसाठी नवी जागा न घेता हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरे नाव) बनते आणि तरीही प्रत्येक दिवसाचा फोल्डर संपूर्ण दिसतो. त्यामुळे ‘गेल्या मंगळवारचे ते चलान मिळेल का हो?’ असे कोणी विचारले, तर मंगळवारचा फोल्डर उघडून फाइल काढून देता येते. हे करताना कालच्या फोल्डरमधील फाइल जागच्या जागी संपादित करू नये, कारण ती इतर दिवसांच्या फोल्डरशी जोडलेली असते.

ओढण्यापूर्वी स्रोताची डिस्क खरोखर माउंट झाली (फोल्डरला जोडली गेली) आहे, याचीही खात्री हवी. ती माउंट नसेल तर तेथे रिकामा फोल्डर असतो, आणि ‘डिलीट’ पर्याय चालू असलेला आरसिंक प्रतसुद्धा प्रामाणिकपणे रिकामी करतो. स्रोतात एक ओळखीची छोटी फाइल ठेवावी आणि ती आधी ओढून पाहावी. ती मिळाली नाही तर पुढचे काम करू नये.

वेळेचा हिशेब आधीच मांडावा. ४० जीबी म्हणजे ३२० गिगाबिट. १०० एमबीपीएसच्या दुव्यावर ते आदर्श स्थितीत ३,२०० सेकंदांत, म्हणजे सुमारे ५३ मिनिटांत जातात. प्रत्यक्षात दीड-दोनपट वेळ धरावा आणि रात्रपाळीचे काम अडू नये म्हणून ‘बीडब्ल्यूलिमिट’ने मर्यादा घालावी.

राज्याबाहेरच्या तिसऱ्या प्रतीसाठी स्वतःची स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा रेस्टिक किंवा बोर्ग हे तयार बॅकअप साधन वापरावे, असे माझे मत आहे. पुनरावृत्ती टाळणे आणि एन्क्रिप्शन ही दोन्ही कामे ते आपल्यापेक्षा चांगली करतात. मात्र रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर प्रतही हरवली, म्हणून तो सर्व्हरखेरीज आणखी एका ठिकाणी, सीलबंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात ठेवावा.

जुन्या प्रती पुसणे

येथे घाई करू नये. ‘फाइंड’ कमांडमध्ये ‘मायनस डिलीट’ हा पर्याय अटींच्या आधी लिहिला गेला, तर अटी पाहण्यापूर्वीच सगळे पुसले जाते. म्हणून आधी ‘मायनस प्रिंट’ने यादी पाहावी आणि मगच शेवटचा शब्द बदलावा. ‘एमटाइम अधिक १४’चा अर्थ चौदा दिवसांहून जुन्या असा वाटतो, पण अपूर्ण दिवस मोजला जात नसल्याने प्रत्यक्षात किमान पंधरा दिवस पूर्ण झालेल्या फायलीच निवडल्या जातात.

त्याहून मोठा धोका निराळा आहे. बॅकअप सलग तीन आठवडे अपयशी होत असेल आणि पुसण्याचे काम वेगळ्या वेळापत्रकाने नेटाने चालू असेल, तर शेवटची चांगली प्रत तेच पुसून टाकते. पुसण्याचा भाग त्याच स्क्रिप्टच्या शेवटी, आजच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्यानंतरच चालावा, आणि वय कितीही झाले तरी किमान सात चांगल्या प्रती शिल्लक राहतील अशी अट त्यात असावी.

वेळापत्रक

क्रॉनमध्ये काम टाकले की ते हाताने चालवताना जसे चालते तसे चालत नाही. क्रॉनचा पाथ आखूड असतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये तो स्वतः लिहावा. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्के चिन्हाचा अर्थ नवी ओळ असा होतो. तारीख घालून फाइलचे नाव तेथेच बनवणाऱ्यांची कमांड त्यामुळे मध्येच तुटते. तारखेचे सारे काम स्क्रिप्टच्या आत ठेवावे.

भारतीय वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि क्लाउडवरील किंवा डेटा सेंटरमधील मशीन पुष्कळदा यूटीसीवरच असते. पहाटे दोन वाजता बॅकअप घ्यायचा म्हणून यूटीसीवरील क्रॉनमध्ये २ लिहिले, तर तो सकाळी साडेसात वाजता सुरू होतो आणि पहिली पाळी कामाला लागली तरी चालूच असतो. तेथे २०:३० लिहावे लागते, आणि ते आदल्या दिवसाचे २०:३० असतात. म्हणजे रविवारी पहाटे दोनला चालायचे साप्ताहिक काम यूटीसीच्या क्रॉनमध्ये शनिवारी नोंदवावे लागते. फाइलच्या नावातली तारीखही याच कारणाने एक दिवस मागे दिसते. सिस्टमडी टायमरमध्ये (लिनक्समधील क्रॉनचा पर्याय) वेळेपुढे एशिया-कोलकाता हा टाइमझोन लिहिता येतो आणि हा सगळा हिशेब टळतो.

टायमर निवडण्याचे आणखी एक स्थानिक कारण आहे. देखभालीसाठी शुक्रवारी वीज बंद ठेवण्याच्या सूचना ठाण्याच्या औद्योगिक भागाला परिचित आहेत. अशा वेळी सर्व्हर आदल्या रात्रीच शिस्तीत बंद केला, तर क्रॉनचे त्या रात्रीचे काम कायमचे चुकते. टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ हा पर्याय चालू असेल तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर राहिलेले काम केले जाते.

घड्याळांबाबत कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवलेली असावी लागतात, लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि निर्देशांत नमूद केलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. म्हणून जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेटची मुदत १८० दिवसांपेक्षा कमी असल्यास ती आजच वाढवावी.

न झालेल्या कामाची खबर

गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ च्या स्वतःच्या घटनेचा तपशील जाहीर केला, तो प्रत्येक अ‍ॅडमिनने वाचावा असा आहे. एका अभियंत्याने दुसऱ्या सर्व्हरऐवजी मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचा फोल्डर पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले तेव्हा लक्षात आले. मग बॅकअप शोधले, तर डम्पची जागा रिकामी होती. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि डम्प ९.२ आवृत्तीच्या साधनाने घेतला जात असल्याने तो दररोज पडत होता. स्क्रिप्ट तसे ईमेलने कळवतही होती, पण डीमार्कच्या (ईमेल पाठवणाऱ्याची ओळख पडताळणाऱ्या) तपासणीमुळे ती ईमेल स्वीकारलीच जात नव्हती. अखेरीस सहा तासांपूर्वीच्या एका स्नॅपशॉटमधून डेटा परत मिळाला.

यातून मांडणीचा नियम निघतो: बॅकअपची खबर बॅकअप घेणाऱ्या मशीनवर सोपवू नये. महापेच्या मशीनवर स्वतंत्र छोटी स्क्रिप्ट ठेवावी, जी सकाळी सात वाजता सर्वांत ताज्या प्रतीचे वय, आकार आणि एसएचए-२५६ ची बेरीज तपासते. प्रत २६ तासांहून जुनी असेल तर तिने ईमेलखेरीज आणखी एका मार्गाने, एसएमएस किंवा चॅटवर, कळवावे. सर्व ठीक असले तरी रोज एक ओळ यावी, उदाहरणार्थ: ‘बिलिंग: यशस्वी. ०२:०० ते ०२:१९. आज ३.१२ जीबी, काल ३.१० जीबी. शिल्लक जागा ४१ टक्के.’ रोज येणारी ओळ एक दिवस आली नाही, की आपण आपोआप सावध होतो. केवळ अपयशाच्या वेळी येणाऱ्या संदेशाची अनुपस्थिती कोणाला जाणवत नाही.

रिस्टोअरची तालीम

महिन्यातून एकदा, शक्यतो २० तारीख उलटल्यावर, वेगळ्या मशीनवर संपूर्ण रिस्टोअर करावा. ‘वेगळ्या मशीनवर’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत. डम्प ‘डेटाबेसेस’ पर्यायाने घेतला असेल तर त्या फाइलमध्येच डेटाबेसचे नाव आणि तो निवडण्याची आज्ञा असते. ती मुख्य सर्व्हरवर चाचणीच्या डेटाबेसमध्ये घालायला गेल्यास चालू डेटाबेसवरच जाऊन बसते.

घड्याळ लावून सुरुवात करावी. डम्प घ्यायला वीस मिनिटे लागली म्हणून परत घालायला तेवढीच लागतील असे नाही. इंडेक्स नव्याने बांधावे लागत असल्याने कित्येक पट वेळ लागू शकतो, आणि ‘किती वेळ बंद चालेल’ या प्रश्नाला अकाउंट्स विभागाने दिलेले उत्तर या आकड्याशीच ताडून पाहायचे असते. नंतर मुख्य टेबलांमधील नोंदींची संख्या मोजावी, शेवटच्या बिलाचा क्रमांक पाहावा आणि अ‍ॅप्लिकेशन त्या डेटाबेसला जोडून अकाउंट्समधील एका व्यक्तीला एखाद्या ग्राहकाचे खाते उघडून बघायला सांगावे. व्ह्यू किंवा प्रोसीजर ‘डिफायनर (ती बनवणारा वापरकर्ता) सापडत नाही’ असे म्हणून पडल्या, तर डेटाबेसच्या वापरकर्त्यांची यादी बॅकअपमध्ये आलेली नाही असे समजावे.

प्रत्येक तालमीत केलेल्या कृती क्रमाने लिहून काढाव्यात: कोणती फाइल, कोठून, कोणत्या कमांडने, किती वेळात. हा कागद छापून सीलबंद पाकिटाशेजारीच ठेवावा. त्यावर महापेच्या डेटा सेंटरचा मदतक्रमांक, रॅकचा क्रमांक आणि आत जाण्याची परवानगी कोणाच्या नावावर आहे, हेही असावे, कारण ज्या दिवशी याची गरज पडेल त्या दिवशी आपण रजेवर असू शकतो. तालीम संपली की चाचणीच्या मशीनवरचा डेटाबेस आणि कागदपत्रे पुसावीत. तेथे खऱ्या ग्राहकांची नावे, पत्ते आणि खाती असतात, आणि त्या मशीनवर मुख्य सर्व्हरइतका बंदोबस्त क्वचितच असतो.